घट बसतील तेव्हा टोमॅटो पेरा

मीरा रोडच्या इमारतींतल्या गॅलऱ्यांत तुळस आणि जास्वंदीच्या रांगेत टोमॅटोचं एखादं झाड असतंच. ते बहुतेक वेळा उंच वाढलेलं, फुललेलंही असतं, पण फळ धरत नाही. मग आपण खताला नावं ठेवतो, बियाण्याला ठेवतो, नाहीतर ‘आपल्या हाताला गुण नाही’ म्हणून सोडून देतो. माझं म्हणणं असं, की यात हाताचा दोष फारसा नसतो. चूक पेरणीच्या वेळेची असते. आपल्या किनारपट्टीवर निरोगी टोमॅटो हवा असेल तर आधी त्याला फूल कधी यायला हवं ते ठरवायचं आणि तिथून मागे मोजत येऊन बी पेरायचं.

टोमॅटो मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या परिसरातला. रात्रीचं तापमान 15 ते 20 अंशांच्या आसपास असलं की त्याचं फळ छान धरतं. दिवस 35 अंशांकडे सरकला आणि रात्रही 24-25च्या खाली उतरेना, की पराग निकामी होतात आणि फूल देठाच्या गाठीपाशी पिवळं पडून गळतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे नेमकं हेच होतं. हव्या तशा गार रात्री आपल्याला डिसेंबर ते फेब्रुवारी एवढ्याच मिळतात. म्हणजे फुलं नोव्हेंबरअखेरपासून यायला हवीत. लावणीनंतर फुलायला साधारण महिना लागतो आणि रोप तयार व्हायला त्याआधी 25 ते 30 दिवस. हा हिशोब बरोबर घटस्थापनेपाशी येऊन थांबतो. घट बसतात तेव्हा बी पेरलं तर दिवाळीत रोप लावणीला येतं आणि संक्रांतीच्या पुढे फळ पिकू लागतं. यात कर्मकांड काही नाही. मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख 8 ऑक्टोबर आहे, त्यामुळे दिवाळीत लावलेल्या रोपाच्या पानांवर सततचं पाणी राहत नाही आणि करपाही कमी येतो. शिवाय डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे इतका झुकतो की भर दुपारीसुद्धा तो जेमतेम 47 अंशांवर असतो. मे-जूनमध्ये ऊन न शिरणाऱ्या दक्षिणेच्या गॅलरीत तेव्हा ते आतपर्यंत येतं. उत्तरेच्या गॅलरीला मात्र हा लाभ नाही. तिथे राहणाऱ्यांनी सोसायटीकडे गच्चीतली जागा मागावी.

कोणी म्हणेल, नर्सरीत तयार रोप मिळतं, मग बी रुजवत बसायचं कशाला? कारण झाडाची प्रकृती पहिल्या महिन्यातच ठरते आणि तो महिना आपल्या नजरेखाली जायला हवा. पानं आक्रसून टाकणारा बोकड्या रोग पांढरी माशी पसरवते. कोवळ्या रोपाला तो लागला तर पुढे कितीही खत घाला, झाड सुधारत नाही. म्हणून बी पेरलेल्या कपांवर मलमलीचं पातळ कापड ताणून ठेवा. मच्छरदाणीच्या भोकांतून ही माशी सहज आत जाते. दुसरा शत्रू आपणच घातलेलं जास्तीचं पाणी. माती सतत चिंब राहिली की रोपाचं खोड मातीलगत दोऱ्यासारखं बारीक होतं, तपकिरी पडतं आणि पानं हिरवी असतानाच रोप आडवं होतं. तेव्हा भोकं पाडलेल्या कपात कोकोपीट आणि गांडूळखत भरा, बी अर्धा-एक सेंटीमीटर खोल टाका आणि वरचा थर सुकल्याशिवाय पाणी घालू नका. बोअरचं मचूळ पाणी तर कोवळ्या रोपाला नकोच. लावताना खालची पानं काढून खोड खोल पुरा. पुरलेल्या खोडालाही मुळं फुटतात.

दुसरा आक्षेप असा, की नारायणगावचे शेतकरी भर उन्हाळ्यात टोमॅटो पिकवतात, मग आपल्याला का जमू नये? नारायणगाव घाटावर आहे, तिथल्या रात्री आपल्यापेक्षा गार असतात. आपण समुद्रसपाटीवर राहतो आणि कोकणच्या दमट, आम्ल मातीत जिवाणूजन्य मर रोगही असतो. या रोगात हिरवंगार झाड एक-दोन दिवसांत मान टाकतं. त्याचं खोड बुडाशी कापून पाण्याच्या ग्लासात धरलं तर दुधासारखे धागे पाण्यात उतरताना दिसतात. असं दिसलं तर झाडासकट ती माती टाकून द्या, दुसऱ्या कुंडीत मिसळू नका. वाणही त्या बेताने निवडा. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा ‘अर्का रक्षक’ हा संकरित वाण बोकड्या, मर आणि लवकर येणारा करपा या तिन्ही रोगांना दाद देत नाही. पण तो संकरित असल्यामुळे त्याच्या फळातलं बी धरून ठेवू नका, पुढची झाडं तशीच निघत नाहीत.

एवढा खटाटोप चार किलो टोमॅटोंसाठी कशाला, असं वाटेल. पण जुलै 2023मध्ये शंभरी ओलांडलेला भाव आपण सर्वांनी पाहिला, आणि त्याच वर्षी उन्हाळ्यात शेतकऱ्यांना मातीमोल दराने माल विकावा लागला होता. एक झाड बियापासून वाढवणाऱ्याला या दोन्ही बातम्या समजतात, कारण आठवडाभर चढलेला पारा एका झाडाचं काय करतो हे त्याने पाहिलेलं असतं. यंदा घटाच्या मातीत धान्य पेराल, तेव्हा शेजारच्या कपात टोमॅटोच्या चार बियाही पेरा.