अक्षरांची पेटी घरात असू द्या
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



समितीने आम्हाला "शिक्षणाचे महत्त्व" या विषयावर बोलायला सांगितले आहे. हा विषय दरवर्षी असतो आणि महत्त्व आता आपल्या सर्वांचे पाठ झाले आहे. तेव्हा समितीची माफी मागून आम्ही जरा लहान विषय घेतो. पहिली-दुसरीतल्या पोराला घरी वाचायला कसे शिकवायचे आणि त्यासाठी त्याच्या हातात काय द्यायचे, एवढेच बोलू. आम्ही काही शिक्षणतज्ज्ञ नाही. गिरणीच्या सूतखात्यात आयुष्य गेले. शाळा सातवीला सुटली. पुढचे जे काही वाचन झाले ते पाळी सुटल्यावर, वाचनालयात आणि इथे विहारात बसून. चूकभूल झाली तर शिक्षक मंडळींनी सांभाळून घ्यावे.

गोष्ट सुरू झाली आपल्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गात. दुसरीतला एक मुलगा (नाव सांगत नाही, समोरच बसला आहे) मराठीचा धडा खणखणीत वाचत होता. एक शब्द अडला नाही. आम्ही खूश. शाबासकी देता देता आमच्या हातून पुस्तकाची दोन पाने एकदम उलटली गेली. पोरगा मात्र मधल्या, न दिसणाऱ्या पानावरचेच वाचत राहिला! नजर पुस्तकावर, बोट ओळीवर आणि तोंडात भलतेच पान. आम्ही एका शब्दावर बोट ठेवले. साधा शब्द होता, 'नरम'. पोरगा गप्प. थोड्या वेळाने डोळ्यांत पाणी. अख्खा धडा त्याने वर्गातल्या मुलांचा ऐकून कानाने पाठ केला होता. विचार करा, केवढी हुशारी! एवढी हुशारी असून तीन अक्षरे लागत नव्हती.

मग आम्ही बाकीच्यांना एकेक करून जवळ घेतले. तोच प्रकार आणखी पाच-सहा मुलांचा निघाला. हे फक्त आपल्याच वस्तीत आहे असेही नाही. २०२२ सालच्या 'असर' पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या १०० मुलांपैकी जेमतेम ४३ मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला होता. आपण शहरातले म्हणून आपली पोरे त्यातून सुटली, असे कोणी समजू नये.

आता एक घरची गोष्ट सांगतो. सांगावी की नाही याचा चार दिवस विचार केला. आमचा थोरला मुलगा तिसरीत असताना त्याचेही हेच झाले होते. आम्ही पाळी करून दमून यायचो आणि त्याला म्हणायचो, "वाच." तो पुस्तकाकडे नुसता बघत बसायचा. आम्हाला वाटले आळस आहे. फूटपट्टीने मारायचो. एकदा त्याची आई मध्ये पडली आणि पट्टी तिच्या मनगटावर बसली. पोरगा कसाबसा नववीपर्यंत गेला आणि शाळा सुटली. आज तो टेम्पो चालवतो, कष्टाने संसार करतो, त्यात कमीपणा काही नाही. पण माल पोचवताना पत्ता वाचायला तो सोबतच्या पोराला पुढे करतो, हे आम्हाला तीन वर्षांपूर्वी कळले. इतकी वर्षे त्याने ते लपवले. बापापासून लपवले.

आम्ही त्याला वाच-वाच म्हणून मारले, पण कसे वाचायचे हे एक दिवससुद्धा दाखवले नाही. आम्ही बदली म्हणून गिरणीत लागलो तेव्हा आम्हाला मशीनसमोर उभे करून कोणी नुसते "चालव" म्हटले नव्हते. सूत तुटले तर दोन टोके चिमटीत कशी धरायची, पीळ कसा द्यायचा, हे जुन्या कामगाराने बोटे धरून दाखवले. दहा वेळा तुटले तर दहा वेळा दाखवले. तेवढी दया आम्हाला आमच्या पोरावर आली नाही.

बाबासाहेबांची गोष्ट आपण सगळेच सांगतो. परळच्या चाळीतली एक खोली, आणि रामजीबाबा पहाटे दोनला उठवून अभ्यासाला बसवत. खरी गोष्ट आहे. पण सांगताना आपण एक विसरतो. रामजीबाबा स्वतः लष्कराच्या शाळेत मुख्याध्यापक होते. मुलाला उठवले तर पुढे काय करायचे हे त्यांना ठाऊक होते. आपल्यातल्या कितीतरी माउल्या पोराला पहाटे उठवतात, चहा करून देतात आणि मग शेजारी नुसत्या बसून राहतात. त्या बाईच्या हातात काय द्यायचे, हा आमचा प्रश्न आहे.

वाचणे म्हणजे दिसणाऱ्या खुणेचा आवाज करायचा आणि ते आवाज एकमेकांना जोडून शब्द ओळखायचा. आवाज आईकडे आहेतच. पोराला सगळी मराठी तिनेच शिकवली. फक्त खुणा तिच्याकडे नाहीत. तेव्हा खुणा पेटीत घालून घरी पाठवल्या तर अर्धे काम आईला आधीच येत असते.

ही पेटी आम्ही कशी केली ते सांगतो. कोणालाही करता येते. चपलांचे रिकामे खोके घ्यायचे. जुन्या लग्नपत्रिकांचा कागद जाड असतो, त्याचे पत्त्याएवढे तुकडे कापायचे. सुरुवातीला आठच अक्षरे: क, म, ल, र, ब, स, न, घ. प्रत्येकाचे चार-चार पत्ते, म्हणजे एक शब्द मांडला तरी दुसऱ्याला अक्षरे उरतात. लोक विचारतात, क ख ग घ ङ असे ओळीने का नाही? आपली वर्णमाला फार विचारपूर्वक रचलेली आहे. क-वर्ग घशातून निघतो आणि सरकत सरकत प-वर्गाला ओठांवर येतो. पण 'ङ' शिकून पोराला कोणता शब्द वाचता येणार? 'ग म भ न' हा क्रमही चांगला, पण तो एकसारख्या वळणाच्या अक्षरांचा, लिहिण्याच्या सोयीचा. आमच्या आठ अक्षरांत पहिल्याच आठवड्यात घर, बस, मन, रस, कलम, मलम, नरम, रबर एवढे शब्द होतात. पोराला पहिल्याच आठवड्यात कळते की आपल्याला वाचता येतंय. हे कळणे फार मोठे आहे.

पत्त्याच्या पुढे अक्षर आणि मागे चित्र: कप, मका, लसूण, रबर, बस, ससा, नळ, घर. चित्र मागेच पाहिजे. तक्त्यावर अक्षराशेजारी चित्र असते, म्हणून पोरे अक्षर बघतच नाहीत, चित्र बघून "ग गणपतीचा" ओरडतात. नुसता 'ग' दाखवला तर "गणपती" म्हणतात. जुन्या तक्त्यांत 'भ भटजीचा' असायचा. आमच्या पेटीत पुढे भ आला तेव्हा आम्ही 'भ भजीचा' केला. पोरांना तो एकदाच सांगावा लागला! आईला वाचता येत नसले तरी चालते. पोराने "म" म्हटले की तिने पत्ता उलटायचा. मका दिसला, बरोबर.

पण पत्त्यांच्या आधी आठ-दहा दिवस नुसता कानांचा खेळ घ्यायचा. लसूण सोलता सोलता विचारायचे, "लसूण, पहिला आवाज कुठला?" मसाला, कढई, बटाटा, जे हाताशी असेल ते. शेवटचा आवाज विचारायचा. टाळ्या वाजवून तुकडे पाडायचे: ब-टा-टा, तीन टाळ्या. याला पैसा लागत नाही, उजेडही लागत नाही.

त्यानंतर जोडणे. इथे पोरे अडतात. न, र, म वेगवेगळे येते, पण 'नरम' होत नाही. कारण सुटे म्हणताना प्रत्येक अक्षर आपण पूर्ण लांबवतो आणि बोलताना शेवटचे तोडतो. 'घर' लिहिताना र पूर्ण आहे, तोंडात तो अर्धाच राहतो. पोराला याचा नियम सांगू नका. पत्ते एकमेकांना चिकटवत न्यायचे आणि म्हणायचे, "आता भरभर म्हण." दोन-चार वेळा म्हटले की एकदम चेहरा उजळतो. आणि पोराने 'नरम'चे 'नमर' केले तर आई अडाणी असली तरी म्हणू शकते, "असं काही नसतं बाळा, परत बघ."

काना-मात्रांसाठी आम्ही शर्टाच्या खोक्यावरचे पारदर्शक प्लास्टिक वापरले. पट्ट्या कापून एकावर काना, एकावर वेलांटी, एकावर उकार. पट्टी अक्षरावर ठेवली की क चा का, की, कु. एवढ्या पट्ट्यांत सगळी बाराखडी. नुसता काना आला की काका, मामा, बाबा, नाक, कान, मासा, आणि रमासुद्धा. पण "क ला काना का" हे घोकू नये. तेवढे म्हणेपर्यंत पोरगा मागचे अक्षर विसरतो. सरळ 'का' म्हणायचे. पहिली वेलांटी सगळ्यात शेवटी घ्या, कारण ती लिहिताना अक्षराच्या आधी आणि बोलताना नंतर. मोठ्यांनाही विचित्र वाटेल असा तो प्रकार आहे. च-ज चे दोन-दोन आवाज आहेत, चहातला वेगळा, चमच्यातला वेगळा. ते शिकवायची गरज नाही. शब्द ओळखला की मराठी पोराची जीभ आपोआप बरोबर वळते.

स्वस्तातल्या साधनांची ही युक्ती आमची नव्हे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला गरिबांच्या पोरांसाठी बालवाड्या चालवल्या, त्या शिंपले, बिया, खडे, पाने असल्याच वस्तूंवर.

इंग्रजी माध्यमाच्या पालकांनी तोंड पाडून बसू नये. तिथेही हाच मार्ग आहे. "बी, ए, टी" असे कितीही म्हटले तरी त्याची 'बॅट' होत नाही, कारण ती अक्षरांची नावे झाली. ब्, अॅ, ट् असे आवाज म्हटले की बॅट होते. सुरुवात एस, ए, टी, पी, आय, एन या सहांनी करतात. त्यात पिन, पॅन, टॅप, टिन एवढे शब्द निघतात. ज्या आईला मराठी वाचता येते तिने अक्षरामागे तो आवाज मराठीत लिहून ठेवावा. पुढे इंग्रजी लबाडी करते, 'बट' आणि 'पुट' मध्ये यू वेगवेगळा बोलतो, पण ते पुढचे पुढे. इंग्लंडात २०१२ पासून पाच-सहा वर्षांच्या मुलांची वाचनाची चाचणी घेतात. ४० शब्द असतात आणि त्यातले निम्मे मुद्दाम बनवलेले, अर्थ नसलेले. पाठांतर तिथे उघडे पडते. आम्ही तेच उचलले. आठवड्यातून एकदा 'बमल', 'घसन' असले खोटे शब्द मांडतो. पोरांना वाटते गंमत, आम्हाला कळते कोण खरेच वाचतोय.

रोज दहा मिनिटे पुरे. टीव्ही बंद. येणारे पत्ते एका डब्यात, न येणारे दुसऱ्यात. मारायचे नाही, शेजारच्या पोराशी तुलना करायची नाही. आणि एवढे करूनही महिनोन्‌महिने अक्षरे उलटीपालटी होत असतील तर आधी डोळे आणि कान तपासा, मग डॉक्टरांना विचारा. काही मुलांना वाचनाचीच अडचण असते, त्याला डिस्लेक्सिया म्हणतात. तो मठ्ठपणा नव्हे.

सगळे सुरळीत झाले असे आम्ही म्हणणार नाही. पहिल्या खेपेला चौदा पेट्या दिल्या. पाच तशाच माळ्यावर पडून राहिल्या. एका घरी गेलो तर पेटीत सुईदोरा आणि बटणे! काही पत्ते उंदरांनी खाल्ले. पण बाकीच्या घरांत पेटी रोज निघते. तो 'नरम'वाला मुलगा आता तिसरीत आहे. बसवरच्या पाट्या वाचत जातो आणि त्याची आई त्याच्यामागून हळूच तेच म्हणत जाते. तिची दुसरी पेटी आम्ही करतो आहोत. तिनेच मागितली.

आमची नात यंदा पहिलीला गेली. मागच्या रविवारी आम्ही तिच्यासाठी पत्ते कापत बसलो होतो. थोरला टेम्पो लावून आला, बराच वेळ उभा राहिला, मग खाली बसला आणि म्हणाला, "बाबा, कात्री द्या इकडे." त्यानेच सगळे पत्ते कापले. मागची चित्रेही त्यानेच काढली. नात झोपल्यावर दिवा बराच उशिरापर्यंत चालू होता. आम्ही काही विचारले नाही.

पुढच्या रविवारी सकाळी १० वाजता विहारात दुसऱ्या खेपेच्या पेट्या करायच्या आहेत. येताना जुन्या लग्नपत्रिका, चपलांची खोकी आणि शर्टाचे प्लास्टिक आणावे. विहाराकडे कात्र्या दोनच आहेत, घरची असेल त्यांनी सोबत घ्यावी.

जय भीम. नमो बुद्धाय.