आभासी प्रयोगशाळा : खर्च, आकलन आणि समतोल



विज्ञानशिक्षणाच्या खर्चात इमारत, उपकरणे आणि रसायने यांची गणना होते. न उमगलेल्या संकल्पनेची किंमत मात्र कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. बारावीच्या रसायनशास्त्रातील आयनिक समतोल हे याचे बोलके उदाहरण होय.

दहावीपर्यंत मराठीतून आम्ल, आम्लारी आणि सामू शिकलेला विद्यार्थी विज्ञान शाखेत येताच इंग्रजी परिभाषेला सामोरा जातो. त्यातच तीव्र आम्ल म्हणजे संहत आणि सौम्य म्हणजे विरल, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः तीव्रता विचरणावर अवलंबून असते, तर संहतता द्रावणातील आम्लाच्या प्रमाणावर. ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा सामू सुमारे १ असतो, तर तितक्याच संहततेच्या ॲसेटिक आम्लाचा सुमारे २.९; कारण त्याच्या शंभरातील साधारण एकाच रेणूचे विचरण होते. हे द्रावण दहापट विरल केले, तर विचरण सुमारे ४ टक्क्यांवर जाते. तरीही सामू ३.४ होतो, म्हणजे आम्लता घटते.

लिटमस रंग दाखवतो, रेणू दाखवत नाही. ही उणीव संगणकीय प्रतिरूप भरून काढते. कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये कोलोराडो विद्यापीठात सुरू केलेल्या 'फेट' प्रकल्पात आम्ल-आम्लारी द्रावणांचे असे प्रतिरूप विनामूल्य मिळते. भारतात २००९ मध्ये सुरू झालेल्या माहिती-तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाच्या राष्ट्रीय अभियानातून उच्च शिक्षणासाठी आभासी प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. शाळांसाठी अमृता विश्व विद्यापीठम् आणि मुंबईच्या सी-डॅकने 'ओलॅब्ज' विकसित केली.

एकदा तयार झालेले सॉफ्टवेअर आणखी एका शाळेने वापरल्यास वाढीव खर्च नगण्य असतो. सार्वजनिक वस्तूचा हाच गुण आहे. परंतु संगणक, वीज आणि शिक्षकाचा तयारीचा वेळ फुकट नसतो. शिक्षकाने केवळ पडद्यावर दाखविल्यास प्रतिरूपाचा चित्रपट होतो. विद्यार्थ्यांनी आधी अंदाज वहीत लिहावा, मग संहतता बदलून पाहावी आणि फरकाचे कारण सांगावे. तरच गुंतवणूक फळास येते.

तथापि, ब्युरेटची तोटी आवरून अखेरच्या थेंबाला फिनॉल्फ्थॅलीनचा फिकट गुलाबी रंग पकडणे हे हाताचे कौशल्य आहे. ते पडद्यावर येत नाही. आभासी प्रयोगशाळा ही खऱ्या प्रयोगशाळेचे अनुदान कापण्याची सबब ठरू नये. जेथे प्रयोगशाळा आहे तेथे तिने समज वाढवावी. जेथे नाही तेथे ती उभी राहीपर्यंत आधार द्यावा. ग्रामीण विद्यार्थ्याला या दोहोंचीही गरज आहे.