अंगावरचा दागिना आणि निराधाराचें अनुदान



कयाधू नदीच्या कांठचें नरसी नामदेव हें हिंगोली जिल्ह्यांतील माझें गांव. तेथें माझ्या शेजारीं एक अंध गृहस्थ राहतात. आईच्या पश्चात् तिची सोन्याची बोरमाळ त्यांच्याकडे आली, आणि त्यांना धास्तीच बसली. "गुरुजी, ही माळ कोणीं पाहिली तर माझें अनुदान बंद होईल काय? आधींच मोडून टाकूं?" असें त्यांनीं मला विचारिलें.

हें अनुदान संजय गांधी निराधार योजनेचें. महाराष्ट्रांत ती १९८० सालीं सुरू झाली. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना तींतून दरमहा २,५०० रुपये मिळतात. अर्जासोबत निदान ४० टक्के अपंगत्वाचा वैद्यकीय दाखला लागतो आणि कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाचा दाखलाहि लागतो. उत्पन्नाची मर्यादा दिव्यांगांस ५०,००० रुपये, इतर निराधारांस २१,००० रुपये. येथें ध्यानांत घेण्याजोगा शब्द 'उत्पन्न' हा होय. पेटींत पडलेली माळ वर्षाकाठीं एक पैसाहि मिळवीत नाहीं. उलट ती मोडून रक्कम ठेवींत गुंतविली, तर तिचें व्याज हें उत्पन्नच. म्हणजे भीतीनें केलेला उपायच अपाय व्हावयाचा!

मग ही भीति आली कोठून? माझ्या मतें, २००२ सालच्या दारिद्र्यरेषेच्या पाहणींतून. त्या वेळीं खेड्यांतील प्रत्येक कुटुंबास तेरा प्रश्न विचारून प्रत्येकीं शून्य ते चार गुण दिले गेले. एकूण गुण ५२. कमी गुण मिळविणारा तो गरीब. कमी गुणांवर उत्तीर्ण होण्याची अशी परीक्षा मीं सबंध नोकरींत दुसरी पाहिली नाहीं. माणशीं कपडे किती, हा त्यांतला एक प्रश्न; आणि तो शिंप्याच्या कुळांत जन्मलेल्या संताच्या गांवींहि विचारला जावयाचाच! दुसरा प्रश्न दूरदर्शन संच, विजेचा पंखा, प्रेशर कुकर आणि रेडिओ यांचा. यांपैकीं एकहि नसेल तर शून्य, एक असेल तर एक गुण. सोन्याविषयीं निराळा प्रश्न नव्हता. तेव्हां पेटींतली माळ सुटली, आणि अंध माणसाचें वर्तमानपत्र जो रेडिओ, तो मात्र मोजला गेला. २००९ सालीं सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या अपंग निवृत्तिवेतनास ८० टक्के अपंगत्वाबरोबर दारिद्र्यरेषेच्या यादींत नांवहि लागतें, म्हणून ही मोजणी क्षुल्लक म्हणतां येत नाहीं.

अमेरिकेंत अपंगांच्या अशाच एका साहाय्यास एकट्या माणसाच्या मालमत्तेची मर्यादा २,००० डॉलर आहे, आणि ती १९८९ पासून तसूभर हललेली नाहीं. तरीहि लग्नाची अंगठी, मग ती कितीहि मोलाची असो, त्या हिशेबांत धरीत नाहींत. इतका विवेक तेथेंहि आहे.

शेजाऱ्यांना मीं सांगितलें, "तलाठ्याकडे उत्पन्न खरें तेवढें सांगा, माळ राहूं द्या." त्यांनीं बोटांनीं एकेक मणी चाचपून पाहिला, आणि सोनाराकडे जाणें रहित केलें.