अकरावीचे भौतिकशास्त्र : मुलांकडून काय अपेक्षा असते?

अकरावीची पहिली चाचणी आटोपली, की दोन-चार पालक मला भेटायला येतात. मागे काटोलकडचे एक शेतकरी गृहस्थ असेच आले. सोबत मुलगा, मान खाली घातलेला. दहावीला विज्ञानात त्याला नव्वदाच्या वर गुण होते. भौतिकशास्त्राच्या चाचणीत मात्र पंचवीसपैकी सहा. वडील म्हणाले, "सर, पोरगा नागपूरले येऊन बिघडला का जी? का हे त्याच्या डोक्याबाहेरचं आहे? तसं असन तर सांगून टाका, विज्ञान सोडवतो."

मुलगा बिघडला नव्हता, आणि बुद्धीही काही कमी नव्हती. विषयाची रीत बदलली होती, आणि ती कोणी त्याला सांगितली नव्हती. तेच आज सांगावे म्हणतो.

दहावीपर्यंत व्याख्या पाठ केली, सूत्रात आकडे घातले, की बरेचसे निभावते. अकरावीत तसे होत नाही. राज्य मंडळाच्या २०१९ साली आलेल्या अकरावीच्या पुस्तकात चौदा प्रकरणे आहेत, आणि त्यांतले दुसरेच गणिती पद्धतींचे आहे. असे का? एक उदाहरण घ्या. गाडीचे दोन बैल दोन दिशांना ओढू लागले, तर गाडी कोणीकडे जाईल? नुसत्या बेरजेने हे कळत नाही. जोराबरोबर दिशाही धरावी लागते. अशा राशींना सदिश म्हणतात. ज्याचे गणित कच्चे राहिले, त्याला पुढचे प्रत्येक प्रकरण जड जाते.

दुसरी अडचण भाषेची. आमचा मुलगा 'त्वरण' शिकून आलेला असतो, आणि फळ्यावर दिसते 'ॲक्सिलरेशन'. कल्पना ओळखीची, नाव परके! यावर उपाय साधा आहे. वहीच्या शेवटी दोन रकाने आखावेत, मराठी शब्दासमोर इंग्रजी शब्द लिहावा, आणि वर्गात न लाजता विचारावे.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती म्हणजे प्रयोग. बारावीला लेखी परीक्षा ७० गुणांची आणि प्रात्यक्षिक ३० गुणांचे. पण पुष्कळ ठिकाणी मागल्या वर्षीच्या वहीतले आकडे यंदाच्या वहीत उतरतात, आणि मुलाचा हात उपकरणाला लागतच नाही.

त्या मुलाला मी प्रयोगशाळेत नेले. दोऱ्याला एक लहान दगड बांधला आणि टांगला. टांगल्या जागेपासून दगडाच्या मध्यापर्यंत बरोबर एक मीटर. म्हटले, "थोडासाच झोका दे, आणि एका फेरीचा वेळ मोज." कधी पावणेदोन सेकंद आले, कधी सव्वादोन. तो गोंधळला. मग म्हटले, "आता वीस फेऱ्या मोज." चाळीस सेकंद आले, पुन्हा मोजले, पुन्हा चाळीसच्या आसपास. घड्याळ दाबताना पाव सेकंदाची चूक झाली, तर दोन सेकंदांत ती आठवा हिस्सा असते, चाळिसांत एकशेसाठावा. हे त्याचे त्यालाच उमगले.

मग दोरा पाव मीटर केला. "आता किती लागेल?" तो म्हणाला, "दहा सेकंद." मोजले तर वीस! लांबी चौथाई झाली, वेळ मात्र निम्माच. तिथे वर्गमूळ आले. वर्गमूळ कशाला शिकायचे, हे त्याला त्या दिवशी कळले. याच मोजमापातून पृथ्वीचे गुरुत्वत्वरण काढता येते, सुमारे ९.८. दुसऱ्या चाचणीत त्याला चौदा गुण मिळाले. फार नव्हेत; पण विज्ञान सोडण्याची भाषा थांबली.

पालकहो, अकरावीला मंडळाची परीक्षा नसते, म्हणून ते वर्ष विश्रांतीचे समजू नका. बारावीतली चक्रगती अकरावीच्या गतिनियमांवरच उभी असते. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेतही दोन्ही वर्षांचा अभ्यास येतो. शिकवणीला मोठी फी भरली, तरी पेन मुलालाच चालवावे लागते. रोज दोन उदाहरणे, उत्तर न पाहता, आकृती काढून आणि एकके लिहून सोडवली, तर वर्षअखेरी घाई होत नाही.

आणि गावातल्या शिक्षकबंधूंना व भगिनींना एक विनंती. दोरा, दगड आणि सेकंद दाखवणारे घड्याळ कुठल्याही शाळेत मिळते. दहावीची परीक्षा संपली, की चार दिवस मुलांना बोलवा आणि हा एवढा प्रयोग त्यांच्या हातून करवून घ्या. निरनिराळ्या लांबीला वेळ मोजू द्या, आलेख काढू द्या. आकडा चुकला तर रागावू नका. का चुकला, ते विचारा.

घरच्या मंडळींनीही संध्याकाळी 'किती गुण पडले?' याच्या आधी 'आज काय मोजलंस?' असे विचारून पाहावे. मुलगा सांगू लागला, की अभ्यास मार्गी लागला असे समजायला हरकत नाही.