पाया घालतानाच घ्यावयाचे निर्णय



बुलढाणा जिल्ह्याच्या तेराही तालुक्यांत संगणक ही आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. शाळा असो वा ग्रामपंचायत, जुन्या यंत्रावर लिनक्स ही १९९१ पासून विकसित होत आलेली मुक्त प्रणाली बसविण्याचा विचार अनेक ठिकाणी होतो. तो स्तुत्य आहे. परंतु प्रणाली जिच्यावर उभी राहते, ती मूळ फाइल-व्यवस्था घडवितानाच काही निर्णय घ्यावे लागतात आणि त्यांतील काही पुढे बदलता येत नाहीत. विहिरीचा घेर बांधकामापूर्वीच ठरवावा लागतो, तसेच हे आहे.

पहिला निर्णय नोंदींच्या संख्येचा. प्रचलित एक्स्ट-४ पद्धतीत प्रत्येक फाइलला 'इनोड' नावाची एक नोंद लागते. आवक नोंदवहीचे छापील अनुक्रमांक संपले, तर कपाटात जागा असूनही नवे पत्र नोंदविता येत नाही. येथेही तेच घडते. सर्वसाधारणपणे दर १६,३८४ बाइटमागे एक नोंद राखली जाते. म्हणजे ८ जीबीच्या विभागात सुमारे ५ लाख २४ हजार नोंदी होतात. मूळ विभागात बारीक फाइली फार असतात. त्या लाखोंनी वाढणार असतील, तर दर ८,१९२ बाइटमागे एक नोंद मागावी. त्यासाठी केवळ १२८ एमबी जागा अधिक खर्ची पडते. हे प्रमाण मागाहून बदलावयाचे, तर सर्व माहिती अन्यत्र हलवून विभाग नव्याने घडवावा लागतो.

दुसरा निर्णय राखीव जागेचा. ५ टक्के जागा, म्हणजे ८ जीबीत सुमारे ४१० एमबी, व्यवस्थापकासाठी राखली जाते. डिस्क भरली तरी यंत्र सावरता यावे, हा तिचा हेतू. म्हणून मूळ विभागात ती राहू द्यावी. केवळ दस्तऐवज साठविण्याच्या विभागात कमी करावी. हा पर्याय नंतरही बदलता येतो.

तिसरा निर्णय 'जर्नल'चा. लिनक्समध्ये २००१ साली एक्स्ट-३ सोबत आलेली ही सोय बदलांची आगाऊ टिपणी ठेवते. त्यामुळे वीज अकस्मात गेली तरी व्यवस्थेचा सांगाडा शाबूत राहतो. जतन न केलेला मजकूर मात्र ती परत देत नाही. थोड्या जागेच्या लोभाने जर्नल वगळणे आपल्या गावांत हिताचे नाही.

चौथा निर्णय जुळणीचा. ही व्यवस्था घडविणाऱ्या साधनाच्या २०२३ मधील १.४७ आवृत्तीने काही नवी वैशिष्ट्ये आपोआप लागू केली. त्यांतील एक वैशिष्ट्य जुन्या ग्रब या प्रारंभक कार्यक्रमाला वाचता येईना आणि यंत्र सुरूच होईना. म्हणून नव्या यंत्रावर व्यवस्था घडवून ती जुन्यात बसविताना, जुन्याला न कळणारी वैशिष्ट्ये आधीच बंद करावीत.

पंचायत सदस्यांनी व मुख्याध्यापकांनी हे काम स्वतः करावे, असे नाही. परंतु काम करणाऱ्याकडून निवडलेले पर्याय लेखी घेऊन ते दप्तरी अवश्य ठेवावेत. दाखल्यासाठी आलेला शेतकरी वा गुणपत्रिकेची वाट पाहणारा विद्यार्थी रिकाम्या हाती परतू नये, यासाठी एवढी दक्षता अगत्याची आहे.