आधी पाण्याचा बंदोबस्त



राष्ट्रीय वारसास्थळांच्या दीर्घकालीन जतनाची परिषद कुंभकोणजवळच्या मरुदानल्लुरसारख्या एवढ्याशा गावात का, असं काहींनी विचारलं. याच गावच्या सद्गुरुस्वामींनी दोनशे वर्षांपूर्वी दक्षिणेतल्या भजन संप्रदायाची पद्धती घालून दिली. आजही इथल्या तमिळ घरांतल्या भजनात मराठी अभंग म्हटले जातात.

आणखीही एक कारण आहे. परंपरा सांगते की याच संप्रदायाचे पूर्वसूरी बोधेंद्र स्वामी यांची गोविंदपुरमची समाधी कावेरीच्या वाळूत दिसेनाशी झाली होती. सद्गुरुस्वामींनी पात्रात फिरून तिची जागा शोधली. मग तंजावरच्या भोसले राजाने प्रवाह बाजूला वळवला आणि तिथे अधिष्ठान उभं राहिलं. मला यातला क्रम फार मोलाचा वाटतो. आधी पाण्याचा बंदोबस्त केला, मग दगड रचले. आपल्या योजनांत पहिला पैसा रोषणाईला आणि वाहनतळाला जातो, गटाराची आठवण गळती लागल्यावर होते.

उद्या आपण दारासुरमला जाणार आहोत. राजराज दुसरा याने बाराव्या शतकात बांधलेलं ऐरावतेश्वराचं हे मंदिर २००४ पासून जागतिक वारसा आहे. नंदीसमोरच्या बलिपीठाच्या पायऱ्या जरूर बघा. त्या दगडांतून वेगवेगळे सूर निघतात. येणारा-जाणारा ठोकून बघायचा, म्हणून आता त्यांना लोखंडी जाळी बसवली आहे. पायऱ्या त्यामुळे वाचल्या. पण भोवतालची जमीन उंच आणि देऊळ सखल, त्यामुळे जोराच्या पावसात पुढचं अंगण पाण्याने भरतं. १९५८ च्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. त्यानुसार संरक्षित स्मारकाच्या शंभर मीटरच्या आत बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या दोनशे मीटरांत परवानगी लागते. हा कायदा मला हवाच आहे. मात्र पाण्याचा निचरा त्या तीनशे मीटरांपलीकडे व्हायचा असतो. तिथे महापालिका, पाटबंधारे आणि महसूल खातं यांना पुरातत्त्व खात्याच्या शेजारी बसवणारा कागद लागतो. व्यवस्थापन आराखडा म्हणजे मुळात तो कागद.

महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्यांना हा प्रश्न आता घरचाच झाला आहे. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आले. अकरा महाराष्ट्रातले, बारावा आमच्या तमिळनाडूतली जिंजी, जिच्या आधाराने राजाराम महाराजांनी १६९८ पर्यंत मोगलांना झुंजवलं. बारांपैकी काही किल्ले केंद्राच्या ताब्यात, काही महाराष्ट्र शासनाच्या. साल्हेरला आणि जिंजीला एकच आराखडा लागू करायचा तर दोन राज्यांच्या कचेऱ्यांना एकमेकींशी नेमाने पत्रव्यवहार ठेवावा लागेल, मंत्री बदलले तरी.

दीर्घकालीन देखभालीची शिस्त आपल्याला परदेशातून आणायला नको. देवळाचा कुंभाभिषेक सामान्यतः बारा वर्षांनी होतो. त्या निमित्ताने शिखराची डागडुजी होते, फटींतली पिंपळाची रोपं उपटली जातात. पण घाईने उरकलेल्या जीर्णोद्धारात वाळूच्या फवाऱ्याने दगड घासले, तर शिलालेखांची अक्षरं जातात. तंजावरच्या बृहदीश्वराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला आहे. एक अक्षर झिजलं की ते परत कोरता येत नाही. म्हणून माझा आग्रह आहे की बारा वर्षांचं हे चक्र आराखड्याचा कणा व्हावं, आणि कामाआधी प्रत्येक अक्षराची नोंद व्हावी.

आणि यादीबाहेरचं काय? केंद्राच्या संरक्षणाखाली सुमारे ३,७०० स्मारकं आहेत. त्यांत भजनमठ, अग्रहारातली ओसरीची घरं, रामेश्वरच्या यात्रेकरूंना जेवू घालण्यासाठी भोसल्यांनी बांधलेली छत्रं फारशी बसत नाहीत. ओरत्तनाडूचं मुक्तांबाळ छत्र पाहिलंत तर दगडी घोडे आणि रथाची चाकं बघून थक्क व्हाल. छत्र नुसतं रंगवून भागणार नाही. तिथे रोज कुणाचा तरी वावर हवा. मरुदानल्लुरच्या या भजनमठातही गाणारी माणसं आहेत म्हणून छपराची कौलं वेळेवर बदलली जातात. गाणाऱ्यांना, पुजाऱ्यांना, शेजाऱ्यांना बाहेर ठेवून केलेला आराखडा मला मान्य नाही.

दोन दिवसांच्या चर्चेनंतर प्रत्येक स्थळासाठी एक पान लिहून द्या, एवढीच आमची मागणी आहे. ऐप्पसी या तमिळ महिन्यातला पाऊस सुरू होण्याआधी नाला कोण साफ करणार, त्याचे पैसे कुठल्या खात्यातून येणार आणि दहा वर्षांनी ती जबाबदारी कोणाकडे असणार, हे त्यावर नावानिशी असावं. तंजावरी मराठीत लिहा, पुणेरीत लिहा, तमिळमध्ये लिहा, त्याच्या प्रती सगळ्या खात्यांपर्यंत पोचवायचं काम स्वागत समितीने आपल्याकडे घेतलं आहे. भोजनाची व्यवस्था मठातच आहे. आता अध्यक्षांना परिषदेचं काम सुरू करण्याची विनंती करतो.