‘आजीव’ म्हणजे कोणाचें आयुष्य?



‘आजीव’ हा शब्द आपल्या घरांत नवा नाहीं. वाचनालयाचे आजीव सभासद, मासिकाचे आजीव वर्गणीदार, शिक्षणसंस्थेचे आजीव सेवक, अशा जोडींतून तो लहानपणापासून आपल्या कानांवर पडत आलेला आहे. अहमदनगर शहराला, म्हणजे आतांच्या अहिल्यानगराला, तर १८३८ सालापासून वाचनालयाची परंपरा आहे. तेव्हां एकरकमी वर्गणी भरून जन्मभर पुस्तकें नेण्याची कल्पना येथील कुटुंबांना समजावून सांगण्याचें कारण नाहीं. मात्र हाच शब्द आतां एका निराळ्या क्षेत्रांत शिरला आहे. गाणें ध्वनिमुद्रित करण्याचें जें संगणकीय साधन, ज्याला आपण सॉफ्टवेअर म्हणतों, त्याचे विक्रेते ‘एकदां पैसे भरा आणि पुढील सर्व सुधारित आवृत्त्या आजन्म फुकट घ्या’ अशी योजना अधूनमधून जाहीर करतात. या योजनेचा अर्थ काय, आणि ती निघतांच गिऱ्हाइकांत जे तर्कवितर्क सुरू होतात त्यांना आधार किती, याचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

हा विषय मुंबईच्या चित्रपट-स्टुडिओंपुरता राहिलेला नाहीं. पूर्वीं गाण्याची तबकडी करावयाची म्हणजे मुंबईपुण्याची वाट धरावी लागे. आतां संगमनेर, श्रीरामपूर, पाथर्डी अशा तालुक्याच्या गांवींही एक बंद खोली, एक चांगला मायक्रोफोन, आवाजाचे अंक करणारी एक लहानशी पेटी आणि एक संगणक एवढ्यावर काम भागतें. हरिनाम सप्ताहांतील भजनें, साईबाबांचीं भक्तिगीतें, शाहिरांचे पोवाडे, रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं ज्या नगरांत मराठी भजनांची परंपरा रुजविली तेथील ख्रिस्ती उपासनागीतें आणि वरातीची गाणीं, सारें अशाच खोल्यांतून मुद्रित होऊं शकतें. पेटी, पखवाज, टाळ आणि गळा यांचे आवाज वेगवेगळ्या पट्ट्यांवर घ्यावयाचे, बिघडलेली एखादी ओळ तेवढीच पुन्हां म्हणवून घ्यावयाची, आणि अखेर सर्वांचा मेळ घालावयाचा. हें काम तें सॉफ्टवेअर करतें. म्हणून त्याच्या खरेदीचा प्रश्न हा ज्यांची मिळकत बेताची आहे अशा पुष्कळ तरुण कलावंतांच्या पोटाचा प्रश्न आहे.

आजीव वचनाचें काय होऊं शकतें याचें ठळक उदाहरण अमेरिकेंतील ‘केकवॉक’ या कंपनीचें. ग्रेग हेंडरशॉट यांनीं १९८७ सालीं हें साधन प्रथम बाजारांत आणलें. २००१ सालीं त्याच घराण्यांतील ‘सोनार’ हें नवें सॉफ्टवेअर निघालें आणि घरच्या घरीं ध्वनिमुद्रण करणाऱ्यांत तें लोकप्रिय झालें. २००८ सालीं कंपनीचा मोठा हिस्सा जपानच्या रोलंड कंपनीकडे गेला आणि २०१३ सालीं ती गिटारीं बनविणाऱ्या सुप्रसिद्ध गिब्सन कंपनीच्या ताब्यांत आली. पुढें २०१६ सालीं ‘सोनार’च्या सर्वांत वरच्या प्रतीसाठीं आजीव सुधारणांची योजना निघाली. पुष्कळांनीं पैसे भरले. आणि २० नोव्हेंबर २०१७ रोजीं गिब्सननें जाहीर केलें, कीं केकवॉकच्या साधनांचा विकास व निर्मिति आपण थांबवीत आहों. आजन्माचा करार दीड वर्षाच्या आंतबाहेर संपला! हातीं असलेली प्रत चालत राहिली खरी; पण ज्या भावी आवृत्त्यांसाठीं पैसे मोजले होते त्या येण्याचा मार्ग खुंटला. आमच्या भाषेंत सोनारानें कान टोचावे अशी म्हण आहे. या परदेशी सोनारानें पुष्कळांचे कान टोचले.

अशा प्रसंगीं गिऱ्हाइकांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ‘कंपनी बुडणार हें चालकांना ठाऊकच होतें, जातां जातां तिजोरी भरून घेतली.’ दुसरा म्हणतो, ‘तसें नव्हे. आपलें आसन स्थिर आहे अशा विश्वासानेंच त्यांनीं वचन दिलें. पुढें दैव फिरलें.’ दोन्ही पक्ष हेतूचा शोध घेतात आणि वाद कधीं संपत नाहीं. पण मला या वादांतून निराळीच गोष्ट दिसते. सुस्थितींतील कंपनी आणि अडचणींतील कंपनी, दोघीही हीच योजना अगदीं याच शब्दांत काढूं शकतात. पहिलीला गिऱ्हाईक बांधून ठेवावयाचें असतें, दुसरीला आजचा पगार भागवावयाचा असतो. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही जाहिराती सारख्याच दिसतात. म्हणून योजनेवरून कंपनीची प्रकृति ओळखण्याचा प्रयत्न व्यर्थ होय. प्रकृति ओळखावयाची ती तिच्या मालकीवरून, कर्जावरून आणि उत्पन्नाच्या मार्गांवरून. गिब्सनवर कर्जाचा भार मोठा होता, आणि १ मे २०१८ रोजीं तिनें दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घेतला.

मग हा हिशेब असतो तरी कसा? आपल्याकडील जुन्या, नेकीच्या संस्थांचा दंडक असा, कीं आजीव वर्गणीची रक्कम कायम निधींत टाकावी आणि तिच्या व्याजावरच सभासदाची सेवा करावी. मुद्दलाला हात लावला कीं संस्था आपलें उद्यांचें धान्य आज दळूं लागते. आजीव वर्गणीदार ठणठणीत आणि मासिक मात्र स्वर्गवासी, असा अनुभव मराठी वाचकांना कांहीं कमी नाहीं! सॉफ्टवेअरच्या कंपनीचीही अवस्था तीच. सुधारणा करणाऱ्या कारागिरांचा पगार दरमहा द्यावा लागतो; आजीव गिऱ्हाइकाकडून मात्र पुन्हां दमडी येत नाहीं. जुन्या गिऱ्हाइकांचा खर्च नव्या गिऱ्हाइकांनीं भरून काढला तरच गाडें चालतें.

तें चालूं शकतें याचेंही उदाहरण आहे. बेल्जियममधील इमेज-लाइन कंपनीनें १९९७ सालीं ‘फ्रूटीलूप्स’ नांवाचें साधन काढलें. पुढें त्याचें ‘एफएल स्टुडिओ’ असें नामकरण झालें. एकदां विकत घेतल्यावर पुढील आवृत्त्या फुकट, हें तिचें वचन पाव शतकाहून अधिक काळ पाळलें गेलें आहे. त्याचें कारण केवळ सज्जनपणा नव्हे. नृत्यसंगीत रचणाऱ्या तरुणांचा नवा ओघ तिच्याकडे सतत येत राहिला, आणि स्वस्त प्रतीकडून महाग प्रतीकडे जाणें, जोडवाद्यें विकत घेणें, अशा वाटांनीं जुन्या गिऱ्हाइकांकडूनही तिला उत्पन्न होत राहिलें. म्हणजे वचन टिकलें तें व्यवहाराच्या पायावर. याहून सावध अशी रीत ‘रीपर’ या साधनाची. त्याचा साधा परवाना ६० डॉलरांचा. तो घेतला कीं चालू मुख्य आवृत्ति आणि तिच्यामागून येणारी दुसरी, एवढ्या दोहोंपुरत्या सुधारणा मिळतात. वचन लहान, पण मोजतां येण्याजोगें. घेणाऱ्याला आपण काय घेतलें हें कळतें, आणि देणाऱ्यालाही आपण काय देऊं लागतों हें कळतें.

गिऱ्हाईक अगदींच दुबळें असतें असेंही नाहीं. इस्रायलच्या ‘वेव्ह्‌ज’ कंपनीनें मार्च २०२३ मध्यें कायमची विक्री बंद करून केवळ वर्गणीची पद्धति सुरू केल्याचें जाहीर केलें. त्यावर इतका गदारोळ उठला, कीं थोड्याच दिवसांत तिला कायमचे परवाने पुन्हां विक्रीस ठेवावे लागले. तरीही एक उणीव उरतेच, आणि ती आपल्या जिल्ह्यांतील माणसाला चटकन् जाणवावी. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनीं १९५० सालीं लोणीजवळ सहकारी साखर कारखाना उभा राहिला. तेथील सभासदाला भागधारक म्हणून सर्वसाधारण सभेंत उठून हिशेब विचारण्याचा अधिकार असतो. आजीव गिऱ्हाइकाला तो नाहीं. त्यानें भागधारकाप्रमाणें कंपनीच्या भविष्यावर पैसे लावलेले असतात, पण मत एकही मिळविलेलें नसतें. ज्याला हिशेब विचारतां येत नाहीं त्याच्या हातीं तर्क करणें एवढेंच उरतें. गिऱ्हाइकांच्या त्या अखंड कुजबुजीला मी म्हणूनच हंसत नाहीं; ती हिशेबाची भूक आहे.

केकवॉकची कथा पुढें आणखी एक वळण घेते. फेब्रुवारी २०१८ मध्यें सिंगापूरच्या बँडलॅब कंपनीनें तें सॉफ्टवेअर विकत घेतलें आणि त्याच वर्षीं नव्या नांवानें सर्वांना फुकट दिलें. ज्यांनीं आजन्माचे पैसे भरले होते ते आणि ज्यांनीं कवडीही दिली नव्हती ते, एका पंगतीला बसले! २०२३ सालीं ‘सोनार’ हें जुनें नांव पुन्हां वर आलें, तें विकत घ्यावयाच्या आवृत्तीचें म्हणून. आणि २०२५ मध्यें तिचाही एक फुकट प्रकार निघाला. फुकट, विकत, वर्गणी, आजीव, हे सारे शब्द मालक बदलतांच बदलतात, हें यावरून ध्यानांत यावें.

तेव्हां खरेदी करणाऱ्यानें तीन गोष्टी पाहाव्या. पहिली, कंपनी उद्यां बंद पडली तर आज हातीं पडलेली प्रत तेवढ्या किमतीची आहे काय? असेल तर खुशाल घ्यावी. पुढील सुधारणा मिळाल्या तर त्या प्रसादादाखल समजाव्या. दुसरी, नव्या संगणकावर ती प्रत बसवितांना कंपनीच्या दूरच्या यंत्राची अनुमति लागते काय? तें यंत्र बंद झालें तर विकत घेतलेली वस्तुही घरांत मुकी होऊन बसेल. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सॉफ्टवेअर आपलें काम स्वतःच्या खास सांकेतिक रूपांत सांठवितें आणि तें रूप दुसऱ्या साधनाला बहुधा वाचतां येत नाहीं. म्हणून प्रत्येक ध्वनिमुद्रण पुरें होतांच त्याची एकेक पट्टी पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत ‘वेव्ह’ या सर्वमान्य रूपांत वेगळी काढावी, आणि तिच्या दोन प्रती दोन निराळ्या ठिकाणीं ठेवाव्या. या कामाला थोडा वेळ लागतो, पैसा जवळजवळ लागत नाहीं.

घरांतील वृद्ध आजीच्या जात्यावरच्या ओव्या, गांवच्या भजनी मंडळाचा काकडा, एखाद्या शाहिराचा अखेरचा पोवाडा, हे आवाज पुन्हां मिळावयाचे नाहींत. साधन बंद पडलें तर दुसरें घेतां येतें. पण त्याच्या कुलपांत अडकलेला आवाज गेला तो गेलाच. आजीव योजनेंत पैसे घालावे कीं नाहीं, हें ज्यानें त्यानें आपल्या खिशाकडे पाहून ठरवावें. ध्वनिमुद्रणाच्या खुल्या प्रती काढून ठेवण्याचें काम मात्र कोणीही उद्यांवर टाकूं नये.